अवसेपर्यंतचा मुक्काम

आमच्या नाटकाचा प्रयोग दिवस मावळायच्या आत संपतो. पुण्याहून आलेल्या एका अभ्यासकांनी मला फार आदरानं विचारलं होतं, की नैसर्गिक प्रकाश वापरायची ही कल्पना तुम्हाला कशी सुचली? मी म्हटलं, "बापू चौगुल्यांच्या जेवणामुळे." त्यांना तो विनोद वाटला. तो विनोद नव्हता. बापू जैन आहेत, सांगलीजवळ त्यांचा ऊस आहे आणि दिवस मावळल्यावर ते अन्नाचा कण तोंडात घालत नाहीत. आमच्या नाटकातला देवरुषी म्हणजे बापू, हलगी वाजवणारे बापू आणि टेंपो चालवणारेही बापूच. उपाशी बापूंच्या शेजारी बसून घाटातून घरी यायची आमची हिंमत नाही. म्हणून मी आजवर पाऊण तासापेक्षा लांब नाटक लिहिलेलं नाही.

मी माधवनगरच्या शाळेत मराठी शिकवत होते. गिरणीतल्या लोकांची मुलं होती, स्नेहसंमेलनाला त्यांच्यासाठी नाटुकली लिहायची. एका वर्षी मुलांच्या आया मला म्हणाल्या, "बाई, पोरांचं लय झालं, आता आमच्या नवऱ्यांसाठी एक लिवा." मी दारूवर लिहिलं. तिथून जी चटक लागली ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. आमचं पथक म्हणजे तीन माणसं. मी लिहिते आणि सासूचं काम करते. सून आमची सुनंदा, तिचं माधवनगरात ब्यूटी पार्लर आहे. आणि तिसरे बापू.

ज्यांनी हा उद्योग केला नाही त्यांना वाटतं, की भाषणाला चाल लावली की पथनाट्य झालं. तसं नसतं. आधी जागा बघायची. उन्हं बायकांच्या डोळ्यांवर यायला नकोत, कारण डोळ्यांवर ऊन आलं की बाई पदर पुढे ओढते आणि पदराआड काय चाललंय ते आपल्याला कळत नाही. गडीमाणसं कडेला उभी राहतात, त्यांच्याकडे पाठ करून बोलायचं, म्हणजे बायकांना वाटतं हे आपल्यासाठीच आहे. वाक्यं आखूड ठेवायची. महत्त्वाचं वाक्य तिघांच्या तोंडी घालायचं, कारण एकाच्या वेळी एसटी जाते, दुसऱ्याच्या वेळी कुत्री भांडतात, तिसऱ्याचं कुठंतरी ऐकू येतं. लेखिका म्हणून माझी खरी स्पर्धा कुणाशी असेल तर ती पिठाच्या गिरणीशी.

लोक विचारतात, नाटकानं फरक पडतो का हो? हा प्रश्न मी फार वर्षं टाळत आले. दारूच्या नाटकाला एका गावात सगळ्यात पुढे बसून ढसाढसा रडलेला माणूस तिथला गुत्तेवाला होता. प्रयोग संपल्यावर त्यानं आम्हाला चहा पाजला, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "बाई, काळीज हललं." मग घड्याळ बघून गुत्ता उघडायला गेला. याला फरक म्हणायचं का नाही, हे मला आजही ठरवता येत नाही.

पण जटेच्या नाटकाची गोष्ट वेगळी आहे, आणि तीच सांगायला बसले आहे.

जट म्हणजे काय ते आधी सांगते. केसांना तेलपाणी नीट मिळत नाही, धूळ बसते, गुंता होतो. वेळेवर विंचरला नाही तर तो गुंता पिळलेल्या दोरखंडासारखा घट्ट होत जातो. पण घरात कुणी त्याला गुंता म्हणत नाही. देवीनं बोलावणं धाडलं म्हणतात. मग त्याला कंगवा लावायचा नाही, कापायचं तर नावच काढायचं नाही. बाई वर्षानुवर्षं ते ओझं डोक्यावर वागवते. मान दुखते, आत उवा होतात, एका अंगावर झोपता येत नाही, आणि शेजारणी हळदीकुंकू लावून वर नमस्कार करतात. कापली तर कोप होणार. तोही तिच्यावर नाही, तिच्या लेकरावर. या एका भीतीनं कात्री लांब राहते.

नाटक साधं होतं. सून जट कापायला निघते, सासू कात्री कमरेला खोचून अडून बसते, देवरुषी येऊन आणखी भीती घालतो. सून दोघांनाही प्रश्न विचारून जेरीला आणते आणि शेवटी जट कापते. जट सुनंदानं पार्लरमध्ये बसून बनवली होती, अंबाडीच्या वाखाची. चहाच्या पाण्यात बुडवून, वर तेल आणि हळद चोपडून. आतून ती पिनेनं अडकवलेली असायची. कात्री लावली की अलगद खाली पडायची आणि बापू हलगीवर थाप मारायचे. टाळ्या हमखास. कापायला मात्र कधी कोणी आलं नव्हतं. पाटणच्या बाजूला एकदा एक बाई प्रयोगानंतर आली, आमच्या कात्रीची धार तिनं अंगठ्यानं बघितली, तेवढ्यात एसटी आली आणि ती चढून गेली. कुठल्या गावची होती तेही कळलं नाही. त्या बाईची रुखरुख मला अजून आहे.

दोन वर्षांपूर्वी होळीनंतर आम्ही माणदेशात मेंढपाळांच्या एका वस्तीवर गेलो होतो. नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांना ते आवडणार नाही. पुरुष बरेचसे मेंढरं घेऊन कऱ्हाडच्या बाजूला उतरलेले, वस्तीवर म्हातारी माणसं, बायका आणि पोरं. लिंबाखाली आम्ही खेळ लावला. मी सासूच्या आवेशात ओरडले, "देवी कोपंल गं! घर बुडवंल!" तर समोरच्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. प्रेक्षक माझ्या बाजूचे निघाले. खलनायिकेला हे मानाचं असेल, लेखिकेला मात्र परवडत नाही.

आम्ही टेंपोत सामान भरत होतो. बापू डबा उघडून बसले होते. तेवढ्यात तिशीची एक बाई आली आणि सुनंदापुढं उभी राहिली. तिनं पदर मागं सारला. मानेपासून कमरेपर्यंत मनगटाएवढी जाड जट, खाली धुणं पिळल्यासारखी वळलेली. ती मान तिरकी करूनच उभी होती. पुढं कळलं की ती नेहमी तशीच उभी राहते.

"तुमची ती खोटी व्हती, व्हय?" तिनं विचारलं.

"खोटीच," सुनंदा म्हणाली.

"मग ही खरी कापताय का?"

तिचं नाव शालन. इतकी वर्षं ज्या बाईची वाट बघितली ती समोर उभी होती. तेवढ्यात तिच्या मागून तिची सासू आली. उंच, सरळ कण्याची, कपाळावर गोंदण. वस्तीवर सगळे तिला बायाक्का म्हणत. आता ही शिव्या घालणार म्हणून मी तयारीत उभी राहिले. तिनं शिव्या घातल्या नाहीत. ती खाली बसली, सुनेलाही बसायला सांगितलं आणि माझ्याकडं बघत राहिली.

"बाई, माझ्या जावंनं कापली व्हती," ती म्हणाली. "त्याच म्हयन्यात तिचं लेकरू तापानं गेलं. माझ्या मांडीवर गेलं. तुमच्या नाटकात ते न्हाई."

मी म्हटलं, "आक्का, ताप जटेमुळं येत नाही."

"तुमी बगितलाय ताप कशानं येतो ते?" ती म्हणाली. "मला एकच नात हाय."

नात म्हणजे चिमी, सहा वर्षांची. ती सुनंदाच्या ओढणीची चमकी खुडत उभी होती. शालननं नवऱ्याला फोन लावला. तो मेंढरांमागं होता, मागं बें बें ऐकू येत होतं. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "आयला इचार," आणि फोन ठेवला. शालन सासूकडं बघायला लागली. विनवणी वगैरे काही केली नाही. एवढंच म्हणाली, "आत्याबाई, मला एकदा कुशीवर निजायचं हाय."

बायाक्का बराच वेळ गप्प होती. मग तिनं जे सांगितलं ते मी कुठल्याच नाटकात लिहू शकले नसते.

"कापा. पर एक हाय. कापणारीनं अवसेपत्तूर हितंच ऱ्हायाचं, आमच्या घरात. आमचंच खायाचं, आमच्यातच निजायचं. देवी कोपली तर आधी कापणारीवर कोपूं दे. तुमी कापून टेंपोत बसून गेलासा, तर ती आमच्या पोरीशिवाय कुणाला धरंल?"

मी हिशेब केला. अमावास्या आठवडाभर लांब होती. घरी नवऱ्याला फोन केला तर ते म्हणाले, "रहा की, मला खिचडी येते." सुनंदाच्या पार्लरमध्ये लग्नसराईची गर्दी होती, ती म्हणाली, "जट मी कापणार, मग मी कशी जाऊ?" बापू म्हणाले, "तुमी दोघी ऱ्हावा, मी अवसेला न्यायला येतो." तर बायाक्कानं त्यांनाही अडवलं. "ह्यो देवरुशी बी ऱ्हाऊं दे. कामाला यील."

"आवं आक्का, मी देवरुशी न्हाई, मी ऊसवाला हाय," बापू काकुळतीला आले.

"असूं दे. मंतर म्हनलासा की मगाशी," बायाक्का म्हणाली.

ते मंत्र मी लिहिलेले होते. त्यात भाज्यांची नावं उलटी म्हटलेली आहेत. हे सांगूनही तिच्यावर काही परिणाम झाला नाही आणि बापूंनी घरी उसाला पाणी पाजायला चुलतभावाला फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात जट काढायला बसलो. नाटकात जे एका थापेत होतं त्याला दुपार झाली. सुनंदाची पार्लरची कात्री थोड्या वेळातच बोथट झाली. केसांवर वर्षानुवर्षांची हळद, धूळ, तेल, सगळं एक होऊन बसलेलं. शालन डोळे मिटून बसली होती. बायाक्का उंबऱ्यावर पाठ करून बसली होती. सुनंदाची कात्री तिसऱ्यांदा अडकल्याचा आवाज आला तशी ती उठली, आत गेली आणि मेंढ्या कातरायची कातर घेऊन आली. ती माझ्या हातात दिली आणि परत पाठ करून बसली. "लोकर निगती तिनं," एवढंच म्हणाली.

त्या कातरीनं जट निघाली. शेवटची बट कापली तेव्हा शालनची मान झटकन पुढं आली, ओझं ओढायची इतकी सवय झाली होती. तिनं डोक्याला हात लावला, मग दुसरा हात लावला आणि रडायला लागली. सुनंदाही रडायला लागली. मी रडले नाही, कारण मला बायाक्काची पाठ दिसत होती. तिनं जट सुपात घेतली, वर खण टाकला, हळदीकुंकू वाहिलं आणि सूप देवापुढं ठेवलं. अवसेला बंधाऱ्यात सोडायची असं ठरलं.

शालन त्या रात्री जी झोपली ती उन्हं अंगणात आली तरी उठली नाही. बायाक्का घाबरून मला हाका मारायला लागली, "बाई, उठंना वं ही!" आम्ही आत गेलो. शालन डाव्या कुशीवर, तळहात गालाखाली घेऊन, लहान पोरासारखी घोरत होती. बायाक्कानं दार हळूच ओढून घेतलं आणि त्या दिवशी भाकरी तिनंच थापल्या.

मग आमचा मुक्काम सुरू झाला. दिवसभर काम काय? बापू वस्तीवरच्या म्हाताऱ्यांशी पाऊसपाण्यावर बोलत. सुनंदानं अंगणातच पार्लर मांडलं आणि बायकांच्या भुवया कोरायला घेतल्या. आम्ही नाटकाची तालीम करायला लागलो, कारण शेवटचा भाग मला आता खोटा वाटत होता. बायाक्का शेंगा फोडत बघत बसायची. एकदा मी डोळे वटारून सुनंदावर धावून गेले तर ती म्हणाली, "बाई, तुमी उगं किती वरडताय?"

"सासू आहे मी, आक्का."

"म्या काय मांजर हाय? भ्यालेलं मानूस वरडत न्हाई. गप बसतं. मला इचारलं तवा मी वरडली व्हती का?"

मी आठवून बघितलं. नव्हती ओरडली. मी सासूचे निम्मे संवाद काढून टाकले. बापूंना आनंद झाला, नाटक आणखी आखूड झालं होतं.

अवसेला दोन दिवस राहिले आणि चिमीला ताप चढला.

दुपारी पोर खेळता खेळता येऊन आजीच्या मांडीवर पडली. अंग चटका बसेल इतकं तापलेलं. मी खरं लिहिते. इतकी वर्षं कोप बीप काही नसतं म्हणून ठणकावून सांगणारी मी, पहिला विचार माझ्या मनात आला तो देवीचाच. दुसरा विचार आला तो शालनचा. पोरीला काही झालं तर हिला हे घर ठेवून घेणार नाही, ही स्वतःच स्वतःला ठेवून घेणार नाही. आणि त्या सबंध मुलखात परत कुणी बाई कात्रीकडं बघणार नाही. शालन भिंतीला टेकून उभी होती. डोक्यावरून पदर तिनं इतका घट्ट ओढला होता की कापलेले केस कुणाला दिसू नयेत. वस्तीवरच्या कुणीतरी तोवर तिच्या नवऱ्याला कळवलं होतं. फोनवर तो ओरडत होता आणि आता आईला विचार म्हणत नव्हता.

बायाक्का पोरीला घेऊन उठली आणि सरळ बापूंकडं गेली. बापू टेंपोच्या सावलीत बसले होते.

"देवरुशी, अंगारा दे," ती म्हणाली.

बापू उभे राहिले. नाटकात याच ठिकाणी ते डोळे फिरवतात, लोक हसतात. त्या दिवशी त्यांनी हात जोडले.

"आक्का, माझ्याकडं अंगारा न्हाई. माझ्याकडं टेंपो हाय. बसा."

बायाक्का थांबली. मला वाटलं ती मागं फिरणार, दुसरा देवरुषी शोधणार. तिच्या जावेच्या वेळी तसंच झालं होतं, हे तिनंच मला तालमीच्या वेळी सांगितलं होतं. तीन दिवस अंगाऱ्यात गेले होते. तिनं शालनकडं बघितलं आणि म्हणाली, "उबी का? चल, बस की."

तालुक्याच्या गावी डॉक्टरांनी पोरीला आ करायला लावलं, घशात बॅटरी मारली, कान बघितले, छाती ऐकली. आम्ही सगळे रांगेत उभे. बायाक्का, शालन, मी, सुनंदा, आणि कपाळावरचं तालमीतलं हळदीचं बोट पुसायचं विसरलेले बापू. डॉक्टर आधी त्या कपाळाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "घसा सुजलाय. बाकी काही नाही. काय खाल्लं बाळ?"

चिमीनं शांतपणे सांगितलं, "गारेगार."

"किती?"

"लई. सुनंदाकाकूनं दिलं. ह्या बाजाराला लालबी दिलं आन हिरवंबी दिलं."

सुनंदाचा चेहरा पांढरा पडला. बायाक्का हळूहळू तिच्याकडं वळली. वरपासून खालपर्यंत तिला बघितलं. मी मनात म्हटलं, संपलं.

"म्हंजे कोप ह्या पार्लरवालीचा!" बायाक्का म्हणाली, आणि हसायला लागली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शालन आधी घाबरून तिच्याकडं बघत राहिली, मग तीही हसली. काय चाललंय ते डॉक्टरांना कळेना. त्यांनी औषध लिहून दिलं आणि आम्हाला बाहेर काढलं.

ताप लगेच काही उतरला नाही. ती रात्र आणि दुसरा दिवस आम्ही पोरीच्या उशाशी पाळीपाळीनं काढला. तो दिवस माझ्या सगळ्या प्रयोगांपेक्षा लांब होता. मधेच बायाक्का ओली पट्टी पिळता पिळता म्हणाली, "मागच्या दिवाळीत बी हिला असाच ताप आल्ता. तवा तर जट व्हती की." ती हे मला सांगत नव्हती. स्वतःशीच बोलत होती. संध्याकाळी चिमी घामानं भिजली, उठून बसली आणि भाकरी मागितली. शालननं तिला तूप लावून भाकरी दिली आणि चुलीपुढं बसून स्वतःही खाल्ली. दोन दिवसांत ती पहिल्यांदा जेवत होती. मी अंगणात जाऊन उगीचच टेंपोची काच पुसत बसले.

अवसेच्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्या बंधाऱ्यावर गेलो. बायाक्कानं सुपावरचा खण काढला, जट पाण्यात सोडली आणि म्हणाली, "जा बाई. लय राबवलंस पोरीला." सुनंदावर आणि माझ्यावर कोप झालेला नाही याची तिनं नीट खात्री करून घेतली. पोट दुखतंय का, डोळ्यांपुढं अंधारी येतीया का, सगळं विचारलं. मी म्हटलं, तुमच्या भाकरीनं वजन वाढलंय, एवढाच कोप. तिला ते मान्य झालं.

निघायच्या आधी वस्तीनं खेळ परत मागितला. ऊन कललं होतं, लिंबाखाली सगळ्या बायका आल्या. शालन पुढं, चिमी तिच्या मांडीवर. बायाक्का या वेळी पहिल्या रांगेत बसली. पदराखाली काहीतरी धरून.

नाटक सुरू झालं. सुनंदानं कात्री मागितली. मी कमरेच्या कात्रीवर हात ठेवला आणि बायाक्कानं शिकवलं होतं तशी गप्प राहिले. ओरडले नाही, डोळे वटारले नाहीत. नुसती सुनेकडं आणि तिच्या जटेकडं बघत उभी राहिले. त्या शांततेनंतर हलगी वाजून देवरुषी यायचा, अशी मांडणी होती. बापू टेंपोमागं कपाळाला हळद लावून तयार होते.

पण त्या शांततेत पहिल्या रांगेतून आवाज आला.

"अगं, काय भितीस! काय न्हाई कोपत! काप म्हन तिला!"

मी वळून बघितलं. बायाक्का उभी राहिली होती. रागानं नाही, भ्यालेल्या धाकट्या जावेला समजवावं तशी ती माझ्याकडं बघत होती. बाकीच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या, मग एक हसली, मग दुसरी म्हणाली, "व्हय की, काप म्हना!" मला पुढचा एकही संवाद आठवेना. आठवला असता तरी म्हणण्यासारखा राहिला नव्हता. बायाक्का रिंगणात आली. माझ्या कमरेची कात्री तिनं काढून घेतली, धार बघून बाजूला टाकली आणि पदराखालून मेंढ्यांची कातर काढून सुनंदाच्या हातात दिली.

"हिनं काप," ती म्हणाली. "ती बोथट हाय."

सुनंदानं कातर लावली. अंबाडीची जट खाली पडली. हलगीवर थाप पडली नाही, कारण हलगीवाला टेंपोमागं आपल्या प्रवेशाची वाट बघत उभा होता. टाळ्या मात्र पडल्या, आणि त्या संपल्यावर गर्दीच्या मागच्या बाजूनं एक बाई उठून पुढं आली. तिनं बायाक्काच्या कानात काही विचारलं. बायाक्कानं तिचा पदर जरासा बाजूला करून बघितलं आणि म्हणाली, "उद्या सकाळी ये. कातर हाय माझ्याकडं. बाईंना आता ठिवून घ्यायला नगं."

बापू टेंपोमागून बाहेर आले. "माझा प्रवेश?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "राहिला. आता तो लागणार नाही."

त्यांनी आभाळाकडं बघितलं. सूर्य अजून लिंबाच्या शेंड्यावर होता. ते टेंपोच्या फळीवर बसले, डबा उघडला आणि इतकी वर्षं बरोबर फिरताना बघितलं नव्हतं इतक्या निवांतपणे जेवले.